जन्माआधीची शिल्लक

व्यापारी घरात मूल जन्माला आले की त्याच्या पुढच्या आयुष्याची तरतूद त्याच दिवसापासून सुरू होते. कोणी त्याच्या नावाने ठेव ठेवतो, कोणी सोन्याचे वळे करतो, तर कोणी पेढीच्या कागदपत्रांत त्याचे नाव कुठे बसेल याचा विचार करू लागतो. भागीदारीचा १९३२ चा कायदा याबाबतीत मोठा दयाळू आहे. सर्व भागीदारांच्या संमतीने अल्पवयीन मुलाला पेढीच्या लाभात सामील करून घेता येते. मात्र पेढीच्या कर्जाची वैयक्तिक जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. अजाण बालकाने वडिलांच्या व्यवहाराचे ओझे वाहू नये, हे त्यामागचे तत्त्व आहे.

शरीराचा कायदा मात्र इतका दयाळू नाही. आई-वडिलांच्या आहारातील लाभ आणि तूट, दोन्हीही बालकाच्या खात्यावर त्याच्या जन्मापूर्वीच जमा होतात. ती नोंद कोणत्याही वहीत दिसत नाही. पण तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी रक्ततपासणीच्या कागदावर तिचा हिशेब समोर येतो. या विषयावरील जगातील महत्त्वाच्या संशोधनापैकी काही संशोधन आपल्या महाराष्ट्रात, मराठी बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबांमध्ये झाले आहे. ते समजून घेणे परभणी-जिंतूर-सेलू-मानवतच्या व्यापारी कुटुंबांना फार अगत्याचे आहे.

‘घराण्यातच आहे’ हे अर्धे उत्तर

मोंढ्यात आज साखरेचा भाव निघाला तर तो पोत्याचा की रक्तातला, असा प्रश्न पडावा अशी परिस्थिती आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. पूर्वी हा आजार उतारवयाचा मानला जाई. आता तो लग्नाच्या वयापर्यंत खाली उतरला आहे.

याची दोन कारणे आपण नेहमी ऐकतो. एक, ‘आमच्या घराण्यातच आहे’; आणि दुसरे, ‘गोड फार खाल्ले’. दोन्हींत तथ्य आहे. परंतु घराण्याकडून केवळ गुणसूत्रे मिळत नाहीत. घराण्याचे स्वयंपाकघरही मिळते, आणि त्या स्वयंपाकघराचा परिणाम मूल पहिला घास घेण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. हे तिसरे कारण फारसे बोलले जात नाही. तिन्हींमध्ये बदलता येण्याजोगे असे पुष्कळ काही त्यातच आहे.

पुण्याजवळची सहा गावे

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक कोडे पडले होते. त्यांच्याकडे येणारे अनेक मधुमेही रुग्ण पाश्चात्त्य पुस्तकांत वर्णिलेल्या रुग्णांसारखे लठ्ठ आणि वयस्कर नव्हते. ते तुलनेने तरुण होते, वजनाने बेताचे होते; फक्त पोटाचा घेर तेवढा सुटलेला असे. इंग्लंडमधील साऊदॅम्प्टन येथील संशोधकांच्या सहकार्याने त्यांनी या कोड्याचा शोध थेट गर्भावस्थेपासून घ्यायचे ठरविले. १९९३ च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील विवाहित स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवण्यास प्रारंभ झाला. ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ या नावाने हे काम जगभर ओळखले जाते.

या स्त्रिया शेतात राबणाऱ्या होत्या. गर्भधारणेपूर्वी त्यांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची सुमारे १५२ सेंटीमीटर होती. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले. साऊदॅम्प्टनच्या बाळांचे हेच वजन सुमारे साडेतीन किलो होते. म्हणजे आपले बाळ जवळजवळ आठशे ग्रॅमने हलके. ही तूट कोठे कोठे पडली, हे मोजपट्टी आणि चिमट्याने पाहिले तेव्हा खरे आश्चर्य समोर आले. पोटातील अवयव आणि स्नायू यांत तूट मोठी होती. पाठीवरच्या कातडीखालील चरबी मात्र जवळपास शाबूत होती. दिसायला किरकोळ, पण आत चरबीचे प्रमाण अधिक, अशा या बाळाला संशोधकांनी ‘कृश-स्थूल’ बाळ म्हटले.

याची कारणमीमांसा व्यापाऱ्याला लगेच उमगेल. भांडवल तोकडे असले की दुकानदार आधी जे अत्यावश्यक ते सांभाळतो. गर्भही तेच करतो. पोषण अपुरे पडले की तो मेंदूला प्रथम राखतो आणि स्नायू, यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांच्या वाढीत काटकसर करतो. इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातील पेशींची पायाभरणी मुख्यत्वे जन्मापूर्वीच होते, आणि साखर खर्च करण्याचे मोठे काम स्नायूंचे असते. इन्सुलिन बनविणारा कारखाना लहान आणि साखर खपविणारी बाजारपेठही लहान, अशा स्थितीत माल मात्र पुढे आयुष्यभर वाढतच गेला, तर कोठार तुंबणारच.

ही मुले मोठी होत गेली आणि संशोधक त्यांच्याबरोबर राहिले. अठराव्या वर्षी त्यांची तपासणी झाली तेव्हा मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के यांच्या रक्तातील साखर सर्वसाधारण मर्यादेच्या वर आढळली. ही शहरी, आरामखुर्चीतली मुले नव्हती. ज्यांची गर्भातील वाढ कमी झाली होती आणि ज्यांची उपाशीपोटीची साखर बालपणापासूनच थोडी अधिक होती, त्यांच्यात हा धोका जास्त होता.

एकच आकडा, दोन शरीरे

‘आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, त्याला कसली साखर?’ असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी मोजली असता युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. संशोधकाने स्वतःचेच शरीर पुराव्यादाखल मांडण्याचे हे प्रांजळ उदाहरण आहे. ताळेबंदातील अंतिम बेरीज सारखी असली तरी आतील मालमत्तेचे स्वरूप निराळे असू शकते, हे हिशेबनीसाला वेगळे सांगायला नको.

जगातील साक्ष

पुण्याचे हे निष्कर्ष एकाकी नाहीत. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणींनी आणि आरोग्यसेविकांनी बाळांच्या वजनाच्या नोंदी काळजीपूर्वक ठेवल्या होत्या. डॉ. डेव्हिड बार्कर यांनी कित्येक दशकांनंतर त्या जुन्या वह्या शोधून काढल्या आणि त्या बाळांचे पुढे काय झाले ते तपासले. जन्मतः हलकी असलेली माणसे उतारवयात हृदयविकार आणि मधुमेह यांना अधिक प्रमाणात बळी पडलेली आढळली.

दुसरी साक्ष हॉलंडची. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तेथील पश्चिम भागात अन्नाची भीषण टंचाई झाली. त्या काळात गर्भात असलेली मुले पन्नाशीला पोहोचली तेव्हा त्यांच्यात साखर पचविण्याची क्षमता इतरांपेक्षा कमी दिसली. पुढे त्यांच्या पेशींचीही तपासणी झाली. गुणसूत्रांची अक्षरे तीच होती; पण त्यांवर बसणाऱ्या काही रासायनिक खुणा बदललेल्या होत्या. कोणते गुणसूत्र किती जोराने काम करील हे अशा खुणा ठरवितात. ग्रंथ तोच, परंतु कोणत्या ओळी अधोरेखित करायच्या हे आईच्या ताटावरून काही अंशी ठरले, असे त्याचे साध्या भाषेत वर्णन करता येईल.

येथे मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवल्यावाचून राहणार नाही. रोजगाराच्या कामांवर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल ज्वारी यांवर लाखो कुटुंबांनी दिवस काढले. स्त्रीच्या शरीरातील बीजांडे ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे त्या वर्षी जी माउली मुलीची गर्भवती होती, तिच्या देहात आजचे नातवंडही बीजरूपाने होते. तीन पिढ्या एकाच ताटावर जेवत होत्या, असे म्हणण्यात केवळ अलंकार नाही. ते जीवशास्त्र आहे.

पोट भरलेले, तरी तूट

‘पण आमच्या घरी अन्नाची कधी टंचाई नव्हती’, असे व्यापारी कुटुंबे म्हणतील, आणि ते खरेही आहे. म्हणूनच पुण्याच्या अभ्यासातील पुढचा भाग आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा ठरतो. गर्भवतीने एकूण किती उष्मांक वा प्रथिने खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. पोट किती भरले यापेक्षा ताटात काय होते, हे अधिक मोलाचे ठरले. शेव, चिवडा, कचोरी, मैद्याच्या पुऱ्या आणि साखरेचा चहा यांनी पोट भरते. बाळाच्या पेशींना लागणारी सूक्ष्म द्रव्ये मात्र त्यांतून येत नाहीत.

या सूक्ष्म द्रव्यांपैकी एकाचा प्रश्न शाकाहारी समाजासाठी फारच जवळचा आहे. ते म्हणजे जीवनसत्त्व ब-१२. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत. ते जीवाणू तयार करतात. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक आणि पनीर यांतूनच मिळते. पुण्याच्या अभ्यासातील सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींच्या रक्तात ब-१२ कमी होते. फोलेट या जीवनसत्त्वाची तूट मात्र जवळजवळ कोणातच नव्हती.

ही दोन्ही जीवनसत्त्वे पेशींमध्ये जोडीने काम करतात. गुणसूत्रांवरील ज्या खुणांचा वर उल्लेख आला, त्यांना लागणारा माल हीच जोडी पुरविते. जोडीतील एक भरपूर आणि दुसरे अपुरे असेल तर काय होते? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की ज्या मातांमध्ये फोलेट अधिक पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. मधुमेहाकडे जाणाऱ्या वाटेवरील ती पहिली पायरी असते.

याचा अर्थ फोलिक आम्लाच्या गोळ्या बंद कराव्यात असा कोणीही मुळीच घेऊ नये. बाळाच्या पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष टाळण्यासाठी त्या गोळ्या अत्यंत आवश्यक आहेत, आणि डॉक्टरांनी दिल्याप्रमाणे त्या घेतल्याच पाहिजेत. अर्थ एवढाच की शाकाहारी स्त्रीने त्याबरोबर आपल्या ब-१२ चीही खातरजमा करून घ्यावी. सरकारी लोह-फोलिक गोळीत ब-१२ नसते.

प्रौढ व्यक्तीला ब-१२ दिवसाला साधारण दोन मायक्रोग्रॅम एवढेच लागते. दोन पेले दूध किंवा तेवढेच दही-ताक नियमित घेतल्यास त्याचा मोठा भाग भरून निघतो. चहात पडणारे चार चमचे दूध त्यासाठी पुरत नाही. रक्तात कमतरता आढळली तर गोळी घ्यावी लागते. औषधातील ब-१२ हे मांसातून काढलेले नसून जीवाणूंच्या किण्वनातून तयार होते, हे अनेकांना ठाऊक नसते. कॅप्सूलचे आवरण मात्र बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. म्हणून श्रावकांनी डॉक्टरांकडे साधी गोळी मागून घ्यावी. मधुमेह किंवा अंडाशयाच्या विकारासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ब-१२ कमी होऊ शकते. त्यांनी तपासणी टाळू नये. आणि अहिंसेच्या भावनेतून जी तरुण मंडळी आता दूधही वर्ज्य करीत आहेत, त्यांनी ब-१२ ची गोळी हा आपल्या व्रताचाच भाग समजावा.

पुण्याच्या त्याच गावांतील मुले-मुली वयात आल्यावर त्यांना लग्नापूर्वीपासून दररोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याचा प्रयोग २०१२ च्या सुमारास सुरू झाला. पुढे या मुली माता झाल्या. ज्यांना ब-१२ मिळाले होते त्यांच्या बाळांच्या नाळेतील रक्तात ते अधिक आढळले, आणि ती मुले दोन वर्षांच्या सुमारास आकलन आणि भाषा यांच्या चाचण्यांत काहीशी पुढे दिसली.

पित्याचे ताट

आजवर अशा चर्चेत सारा भार सुनेवर पडत आला आहे. डोहाळे तिचे, पथ्य तिचे आणि बाळ अशक्त निघाले तर बोलही तिलाच. आता मात्र विज्ञानाने पित्यालाही साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. नर उंदरांना अतिस्निग्ध आहार देऊन स्थूल केले. माद्यांचा आहार मात्र सामान्य ठेवला. तरीही त्यांच्या मादी पिलांमध्ये इन्सुलिन स्रवण्याची क्षमता कमी झालेली आढळली. आईचा आहार निर्दोष असूनही पित्याच्या आहाराची छाया मुलीवर पडली होती. माणसांच्या बाबतीत उत्तर स्वीडनमधील ओव्हरकॅलिक्स या गावच्या जुन्या पीक-नोंदींवरून असाच संकेत मिळाला. ज्यांच्या आजोबांनी पौगंडावस्थेपूर्वीच्या वर्षांत सुबत्तेचे, भरपेट दिवस पाहिले, त्यांच्या नातवंडांत मधुमेहाशी निगडित मृत्यू अधिक दिसले. उंदरांवरील प्रयोग आणि एका छोट्या गावच्या नोंदी यांवरून माणसासाठी पक्के नियम बांधता येत नाहीत. पण बापाचे ताट अगदीच निरुपद्रवी आहे, असेही यापुढे म्हणता येणार नाही.

पुरुषबीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे गर्भधारणेपूर्वीच्या तीन महिन्यांत गादीवर बसून खाल्लेले फरसाण, तंबाखूची पुडी आणि रात्री दुकान वाढविल्यावर घेतलेले जड जेवण यांचा संबंध केवळ खाणाऱ्याच्या पोटाशी राहत नाही.

मुंबईतील नाश्ता

आहार सुधारल्याने खरोखर फरक पडतो का, हे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तपासून पाहण्यात आले. २००६ पासून चाललेल्या या प्रकल्पात साडेसहा हजार स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला गर्भधारणेपूर्वीपासून प्रसूतीपर्यंत पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला नाश्ता दररोज दिला गेला. दुसऱ्या गटाला बटाटा, कांदा अशा सूक्ष्म द्रव्ये कमी असलेल्या भाज्यांचा नाश्ता मिळाला.

सर्व बाळांचा एकत्र विचार केला तर जन्मवजनात उल्लेखनीय फरक पडला नाही. पण ज्या मातांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून तो नाश्ता खाल्ला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. त्याहून मोठा लाभ दुसराच होता. गर्भारपणातील मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के, तर पौष्टिक नाश्त्याच्या गटात ७.३ टक्के स्त्रियांना झाला. गर्भारपणी मातेची साखर वाढली तर मुलालाही पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून ही घट दोन पिढ्यांची बचत आहे. आणि ती कोणत्याही महागड्या औषधाने नव्हे, तर मूठभर भाजी, एखादे फळ आणि दूध यांनी साधली.

या प्रकल्पाचा धडा वेळेसंबंधीही आहे. डोहाळजेवणाच्या दिवशी ताट सजविले जाते, तोवर बाळाच्या अवयवांची मांडणी होऊन गेलेली असते. खरा मुहूर्त त्याआधीचा आहे.

गुटगुटीत बाळाचा मोह

जन्मानंतरही एक चूक प्रेमापोटी घडते. बाळ हलके जन्मले की आजी-आजोबा ते ‘भरून काढायच्या’ मागे लागतात. तूप-साखर, बिस्किटे, पेढे यांचा मारा सुरू होतो. दिल्लीत जन्मापासून पाठपुरावा केलेल्या सुमारे दीड हजार तरुणांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जी मुले पहिल्या दोन वर्षांत कृश होती आणि नंतर बालपणापासून झपाट्याने अंगाने भरत गेली, त्यांच्यातच पुढे तिशीच्या आसपास मधुमेह आणि त्याची पूर्वावस्था अधिक आढळली. लहान गोदामात एकदम मोठा माल उतरविल्यासारखे ते होते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर घरचे वरण, भाकरी, भाजी, फळ आणि पुढे भरपूर धावपळ हाच राजमार्ग आहे. मूल उंचीने वाढावे, केवळ घेराने नव्हे.

व्रत आणि वंश

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळले पाहिजे. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य, तिथीला हिरवी भाजी वर्ज्य, कंदमुळे तर कायमची वर्ज्य. त्यात पर्युषण वा दशलक्षण पर्वातील उपवास. मग जैन घरातील गर्भवतीने करावे काय? धर्म आणि वैद्यक यांचे येथे भांडण आहे, असे मानण्याचे कारण नाही.

सोळाकारण भावनांमध्ये तपाचा उल्लेख ‘शक्तितस्तप’ असा आहे. तप शक्तीप्रमाणे करावयाचे आहे. गर्भवती स्त्री एकटी नसते. तिच्या शक्तीत एका निरागस पंचेंद्रिय जीवाचा वाटा असतो, आणि त्याचे रक्षण हीही अहिंसाच आहे. अशा काळात उपवासाऐवजी रसत्याग, स्वाध्याय, मौन, सामायिक असे नियम घेण्याविषयी साधू-साध्वींचे मार्गदर्शन घ्यावे. घरातील वडील स्त्रियांनी सुनेवर ‘आमच्या वेळी आम्ही केले’ असा दबाव आणू नये. उलट तिने संकोचाने नियम धरला असेल तर तो सोडवून घेण्यासाठी सासूबाईंनीच पुढाकार घ्यावा.

ज्यांना चातुर्मासात पालेभाजी घ्यावयाचीच नाही, त्यांनी पोकळी फरसाणाने भरू नये. मूग, मटकी, तूर, हरभरा यांची उसळ-आमटी, दुधी, दोडका, पडवळ, तीळ, जवस आणि कारळाची लसणाविना चटणी, राजगिरा, खजूर, ऋतूतील फळे आणि मर्यादेतील दूध-दही यांतून पुष्कळ तूट भरून निघते. मग कार्तिकी पौर्णिमेनंतर मराठवाड्याचा हिवाळा आपले भांडार उघडतोच. करडई, चाकवत, मेथी, अंबाडी, हरभऱ्याचा पाला ही गोरगरिबांची समजली जाणारी भाजी गर्भवतीच्या ताटात आदराने आली पाहिजे.

आपल्या परंपरेतील एक नियम तर शरीराच्या घड्याळाशी उत्तम जुळतो. रात्रीपेक्षा दिवसा शरीर साखर अधिक चांगली पचविते, हे आता प्रयोगांनी दिसून आले आहे. रात्रीभोजनत्याग हा धर्मनियम आहेच. तो आरोग्याचाही मित्र आहे. दुकानाच्या वेळेमुळे तरुण पिढीकडून तो सुटत चालला आहे. सायंकाळचा डबा दुकानात सूर्यास्तापूर्वी पोहोचविणे फार अवघड नाही.

परभणीच्या मातीतील ठेव

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत दूर जाण्याची गरज नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेले येथील कृषी विद्यापीठ, आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, ज्वारीच्या संशोधनासाठी प्रसिद्ध आहे. २०१८ मध्ये या विद्यापीठाने हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या, म्हणजेच इक्रिसॅटच्या सहकार्याने ‘परभणी शक्ती’ हे वाण दिले. अधिक लोह आणि जस्त असलेले ज्वारीचे हे देशातील पहिले वाण मानले जाते. नेहमीच्या ज्वारीत किलोला सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असते. या वाणात ही प्रमाणे अनुक्रमे सुमारे ४५ आणि ३२ मिलिग्रॅम आहेत. प्रथिनेही त्यात अधिक आहेत.

ज्वारीची आडत करणाऱ्या घरांतच ज्वारीची भाकरी पाहुण्यांपुढे ठेवायला संकोच वाटावा, ही विसंगती आहे. मोंढ्यातून मुंबई-पुण्याला पोती जातात आणि घरी मैद्याची पाकिटे येतात. हा व्यापार तोट्याचा आहे.

नव्या जोडप्यासाठी जमाखर्च

साखरपुडा आणि लग्न यांत बहुधा काही महिन्यांचे अंतर असते. या अवधीत कपडे, दागिने, कार्यालय यांच्या याद्या होतात. त्यांत चार ओळी आणखी लिहाव्यात.

पहिली ओळ तपासणीची: हिमोग्लोबिन, ब-१२ आणि रक्तातील साखर, मुलाची आणि मुलीची दोघांचीही. दुसरी ताटाची: दररोज एक वाटी भाजी, एक फळ, दोन पेले दूध किंवा दही, एक वाटी डाळ वा उसळ, आणि दिवसातून एकदा तरी भाकरी. तिसरी चालण्याची: अर्धा-पाऊण तास, नवऱ्या मुलानेही. चौथी वर्ज्याची: तंबाखू पूर्ण बंद, तळलेले आणि गोड केवळ सणापुरते. अपत्याचा विचार करण्यापूर्वी किमान तीन महिने हा क्रम चालावा आणि फोलिक आम्लाविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला तेव्हाच घ्यावा.

मात्र एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. ही तपासणी पत्रिकेसारखी वापरून कोणाच्या मुलीचे स्थळ नाकारणे हा घोर अन्याय होईल. ब-१२ ची तूट हा कलंक नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या स्वस्त गोळ्यांनी ती बहुधा काही आठवड्यांतच भरून निघू लागते. तपासणी निवड करण्यासाठी नसून तयारी करण्यासाठी आहे. म्हणून ती विवाह ठरल्यानंतर करावी आणि दोन्ही घरांनी मिळून करावी.

समाजालाही बरेच काही करता येईल. भोजनशाळा आणि स्नेहभोजन यांत दोन मिठाया कमी करून एक उसळ आणि एक फळ वाढविता येईल. महिला मंडळाने वर्षातून एक दिवस नवविवाहित जोडप्यांसाठी आहारतज्ज्ञांचे व्याख्यान ठेवावे, आणि त्याला जावईबापूंनाही बोलवावे. दिवाळीच्या भेटीत काजूकतलीच्या जागी खजूर आणि जवस-तिळाचे लाडू गेले तर नात्यातील गोडवा उणावणार नाही.

दोष नव्हे, दायित्व

हे सारे वाचून एखादी आई मागे वळून पाहील आणि स्वतःला दोष देईल. तसे करण्याचे कारण नाही. जे ठाऊकच नव्हते त्याचा दोष लागत नाही. शिवाय जन्माच्या वेळची शिल्लक म्हणजे आयुष्याचा अंतिम हिशेब नव्हे. ज्याचे भांडवल थोडे, त्याने खर्च जपून केला तर त्याची पेढीही नीट चालते. कृश-स्थूल जन्मलेल्या माणसानेही स्नायू कमावले, पोटाचा घेर राखला, साखर वेळोवेळी तपासली तर त्याचा धोका पुष्कळ कमी होतो. आणि जे अजून जन्मले नाहीत, त्यांच्यासाठी तर सारे पान कोरे आहे.

भागीदारीचा कायदा अल्पवयीनाला कर्जातून वाचवितो, कारण तो स्वतःच्या वतीने बोलू शकत नाही. गर्भातील बालक तर त्याहून अबोल असते. त्याच्या वतीने बोलणारे दोघेच, आई आणि वडील; आणि त्यांची भाषा म्हणजे त्यांचे रोजचे ताट. घराण्याची पेढी पुढच्या पिढीच्या हाती देताना सचोटीने हिशेब चोख करून देण्याची आपल्या समाजाची रीत आहे. तीच रीत देहाच्या वारशालाही लागू करावी.